गिरणगावातील सायकल : खरेदी, पत आणि भांडवल

प्रस्तावना

मुंबईतील कामगारवर्गाच्या इतिहासावर विपुल लेखन झाले आहे. वेतन, संप, संघटना आणि घरांची टंचाई हे त्यातील प्रमुख विषय होत. कामगार कुटुंबाने आपल्या मर्यादित मिळकतीतून एखादी टिकाऊ वस्तू विकत घेण्याचे ठरविले, तर तो पैसा कसा उभा राही, या प्रश्नाकडे मात्र तितक्या बारकाईने पाहिले गेलेले नाही. डेव्हिड अर्नोल्ड यांनी ‘एव्हरीडे टेक्नॉलॉजी’ (२०१३) या ग्रंथात सायकल, शिवणयंत्र, टंकलेखन यंत्र आणि भातगिरणी या लहान यंत्रांच्या आधारे भारतातील आधुनिकतेचा वेध घेतला आहे. रेल्वे आणि कालवे यांच्या भव्य इतिहासात हरवलेला सामान्य माणूस अशा लहान यंत्रांच्या इतिहासात पुन्हा दिसू लागतो, हे त्या दृष्टीचे महत्त्व होय.

प्रस्तुत लेखात लालबाग, परळ, दादर आणि काही अंशी गिरगाव या भागांच्या संदर्भात प्रौढांच्या सायकलीच्या खरेदीचा विचार केला आहे. गिरणगावात सायकल ही कामावर जाण्यासाठी घ्यावयाची वस्तू क्वचितच होती. ती प्रामुख्याने कमाईचे भांडवल म्हणून घेतली गेली. त्यामुळे तिच्या खरेदीतील खरी अडचण केवळ किमतीची नव्हती, तर उधार कोणाला मिळते आणि कोणाला मिळत नाही, ही होती, असे येथे प्रतिपादन केले आहे.

आयात वस्तू ते वरळीचा कारखाना

समान आकाराची दोन चाके आणि साखळी असलेली ‘रोव्हर’ सायकल इंग्लंडमध्ये १८८५ मध्ये आली. डनलॉपची हवेची धाव १८८८ ची. त्यानंतर थोड्याच काळात हे वाहन मुंबईच्या बंदरात उतरू लागले. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक असताना मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावला आपले बंधू रामूअण्णा यांच्याकडे पाठवीत आणि तेथे त्यांची विक्री होई, ही हकीकत सर्वपरिचित आहे. एका मोठ्या मराठी उद्योगसमूहाची सुरुवात सायकलीच्या दुकानापासून झाली, याचा उल्लेख अनेकदा केला जातो. त्या दुकानाचा माल मुंबईहून जात असे, ही बाब मात्र प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण आहे. मुंबई हे सायकलीचे प्रवेशद्वार होते. परंतु त्यामुळे ती मुंबईच्या कामगाराच्या हाती पडली असे नाही.

पुढील काही दशके सायकल ही हौसेची आणि प्रतिष्ठेची वस्तू राहिली. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतील सहा पारशी तरुण सायकलीवरून जगप्रवासाला निघाले आणि त्यांतील आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे १८ मार्च १९२८ रोजी परतले. त्यांचे साहस निर्विवाद आहे. मात्र ते ज्या काळात जग पाहत होते त्याच काळात, १९२४ च्या बोनसच्या प्रश्नावर आणि नंतर १९२८ मध्ये, परळ-लालबागचे कामगार संपावर होते. एकाच शहरात सायकलीचे दोन अर्थ किती दूर असू शकतात, हे या तारखांवरून ध्यानात येते.

तीसच्या दशकात स्वस्त जपानी सायकलींनी ब्रिटिश मालाशी स्पर्धा सुरू केली. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास वरळी येथे हिंद सायकल्सचा कारखाना उभा राहिला. म्हणजे गिरणगावाच्या अगदी शेजारी सायकल तयार होऊ लागली. स्वातंत्र्यानंतर सोनीपतची ‘अ‍ॅटलस’, लुधियानाची ‘हिरो’, मद्रासची ‘टी. आय. सायकल्स’ आणि आसनसोलची ‘सेन-रॅले’ यांनी बाजारपेठ व्यापली. हिंद सायकल्स व सेन-रॅले या आजारी कंपन्यांचे १९८० च्या कायद्याने राष्ट्रीयीकरण झाले. वरळीचा उद्योग ‘नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया’कडे गेला आणि पुढे बंद पडला.

चालत जाणारा कामगार

गिरणी कामगाराला सायकल लागत नव्हती, हे विधान प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु राजनारायण चंदावरकर यांनी आपल्या १९९४ च्या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे शहरातील सुमारे नव्वद टक्के गिरणी कामगार कामाच्या ठिकाणापासून पंधरा मिनिटांच्या पायी अंतरात राहत होते. याचे कारण केवळ सोय हे नव्हते. बदली कामगाराला रोज सकाळी दारावर उभे राहावे लागे. जॉबरची ओळख, वाण्याची उधारी, गावकऱ्यांची खोली, खानावळ हे सर्व गिरणीभोवतीच गुंफलेले होते. भोंगा झाल्यावर घरातून निघून वेळेत पोहोचता यावे, इतक्या जवळच घर घेणे हा रोजगार टिकविण्याचा भाग होता.

गिरगावातील कारकुनाचीही स्थिती फारशी निराळी नव्हती. फोर्टमधील कचेरीपर्यंत तो चालत किंवा ट्रामने जाई. १८७४ मध्ये घोड्यांची आणि १९०७ मध्ये विजेची ट्राम सुरू झाली. १९२६ मध्ये बस आली. ट्राम ३१ मार्च १९६४ पर्यंत धावली. दादरला तर दोन रेल्वेमार्ग उपलब्ध होते. पुण्यात सायकलीने जी जागा घेतली ती मुंबईत ट्राम व लोकलने आधीच घेतलेली होती. पुण्याला ‘सायकलींचे शहर’ म्हणण्याची प्रथा पडली, तशी मुंबईला पडली नाही, याचे स्पष्टीकरण मुंबईकराच्या स्वभावात शोधण्याचे कारण नाही.

मग सायकल कोणाला लागत होती? ज्याचे काम एका ठिकाणी नव्हते, त्याला. वर्तमानपत्र टाकणारा, दूधवाला, पाववाला, बर्फ पोहोचविणारा, तारवाला, किराणा दुकानातील पोऱ्या, घरोघर जाऊन वीजजोडणी दुरुस्त करणारा वायरमन यांच्या कमाईचे प्रमाण ते दिवसात किती दारे गाठू शकतात यावर अवलंबून असे. पोस्टाच्या माणसाला खात्याकडून काही आधार मिळे. इतरांना सायकल स्वतः आणावी लागे.

या संदर्भात सर्वांत स्पष्ट उदाहरण डबेवाल्यांचे आहे. ही सेवा १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केली, असे मानले जाते. राजगुरुनगर, आंबेगाव, जुन्नर, मावळ या तालुक्यांतून आलेल्या माणसांनी ती वाढविली आणि १९५६ मध्ये तिला विश्वस्त संस्थेचे नोंदणीकृत रूप मिळाले. या व्यवसायात नव्याने येणाऱ्याने आपला वाटा वस्तुरूपाने आणावा, असा संकेत आहे : दोन सायकली, डबे ठेवण्याची लाकडी पेटी, पांढरा सुती सदरा-पायजमा आणि टोपी. मिळकतीची दरमहा वाटणी होते ती या भागीदारीच्या नात्याने. दोन सायकलींचा अर्थही स्पष्ट आहे. गर्दीच्या लोकलमध्ये सायकल चढविणे शक्य नसल्याने घरांकडून डबे गोळा करणाऱ्या टोकाला एक आणि कचेऱ्यांच्या टोकाला दुसरी असावी लागते. मधले अंतर मालडबा कापतो आणि दादरसारख्या स्थानकावर डब्यांची विभागणी होते. व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासकांनी या सेवेच्या अचूकतेचे कौतुक भरपूर केले. तिच्यात प्रवेश मिळविण्यासाठी खेड्यातून आलेल्या तरुणाला आधी दोन सायकलींचा खर्च करावा लागतो, या साध्या गोष्टीकडे त्यांचे लक्ष कमी गेले.

‘किरकोळ’ या शीर्षातील जागा

कामगाराच्या घरखर्चाचा पहिला मोठा पद्धतशीर आढावा मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये घेतला आणि जी. फिंडले शिरास यांचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत ५२ रुपये ४ आणे ६ पै होती. त्यापैकी ५६.८ टक्के अन्नावर, ७.४ टक्के सरपण व दिवाबत्तीवर, ९.६ टक्के कपड्यांवर, ७.७ टक्के घरभाड्यावर आणि उरलेले १८.५ टक्के ‘किरकोळ’ या शीर्षाखाली खर्च होत. ९७ टक्के कुटुंबे एका खोलीत राहत आणि ४७ टक्के कुटुंबे कर्जबाजारी होती.

या आकड्यांमध्ये सायकलीला स्वतंत्र जागा नाही. ती असलीच तर ‘किरकोळ’मध्ये. पण हे किरकोळ म्हणजे महिन्याला सुमारे साडेनऊ रुपये. न्हावी, तंबाखू, औषध, गावचा प्रवास, देवकार्य आणि कर्जाचे व्याज हे सर्व त्यातच भागवायचे. व्याजाचा प्रचलित दर रुपयाला महिना एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के, असल्याची नोंद शाही कामगार आयोगाने (१९२९-३१) केली आहे. पन्नास रुपयांचे कर्ज असेल तर महिन्याचे केवळ व्याज तीन रुपये दोन आणे होते; म्हणजे किरकोळ रकमेचा जवळजवळ एक-तृतीयांश. सणासाठी किंवा लग्नासाठी काढलेले असे एक कर्ज डोक्यावर असताना सायकलीसाठी दुसरे काढणे कोणत्या कुटुंबाला परवडेल?

१९३२-३३ च्या पाहणीत अन्नाचा वाटा निम्म्याहून खाली, ४६-४७ टक्क्यांवर आला. पण घरभाडे मिळकतीच्या आठव्या हिश्श्यापर्यंत चढले. हातात राहिलेला फरक घरमालकाकडे गेला. १९४७ मध्ये औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने २६ दिवसांच्या महिन्याला किमान मूळ वेतन ३० रुपये ठरले आणि त्यावर महागाई भत्ता मिळू लागला. त्यामुळे कामगार प्रथमच थोडाफार हिशेब मांडू शकला. तरीही नवी सायकल एका पगारात बसणारी वस्तू नव्हती.

उधार कोणाला?

१९२५ च्या सहकारी कायद्यानंतर आणि विशेषतः १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमानंतर गिरण्या, कारखाने, नगरपालिका व बेस्टसारख्या उपक्रमांमध्ये कर्मचाऱ्यांच्या पतपेढ्या वाढल्या. १९६० च्या कायद्याच्या ४९ व्या कलमानुसार सभासदाच्या संमतीने कर्जाचा हप्ता मालकाने पगारातूनच कापून संस्थेला द्यावयाचा असतो. पतपेढीचे कर्ज स्वस्त राहण्याचे हे मुख्य कारण : वसुलीची खात्री पगारपत्रकातच असते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना तर खास सायकलीसाठी अग्रिम मिळत असे. सातव्या वेतन आयोगानंतर २०१६ मध्ये तो बंद झाला. दिवाळीच्या बोनसलाही १९६५ च्या कायद्याने हक्काचे स्वरूप आले.

या सर्व सोयींचा धागा एकच आहे : त्या पगार असलेल्या माणसासाठी होत्या. ज्याला पंधरा मिनिटे चालून कामावर जायचे होते, त्याच्यापाशी पत होती. ज्याची रोजची भाकरी सायकलीवर अवलंबून होती त्या फेरीवाल्याकडे, डबेवाल्याकडे पगारपत्रक नव्हते आणि म्हणून पतही नव्हती. गिरणगावातील सायकलीच्या खरेदीचे हे मूळ कोडे आहे.

ते सुटण्याची वाट बहुधा नात्यागोत्यातून जात असावी. एकाच खोलीत गावचे अनेकजण राहत. त्यांतील एखादा कायम कामगार असे आणि दुसरा बदली किंवा फेरीवर. कायम कामगाराने पतपेढीतून उचल घ्यावी, दुसऱ्याने ती महिन्याच्या महिन्याला त्याच्या हातात फेडावी, ही व्यवस्था कोणत्याही अहवालात आकड्यांनी मोजलेली नाही. परंतु पतपेढीचे कर्ज सभासदाने कशासाठी वापरले याची चौकशी क्वचितच होत असल्याने ती सहज शक्य होती. भिशी आणि गावकरी मंडळाचा निधी या वाटाही याच स्वरूपाच्या. त्यांचे तारण म्हणजे माणसाची ओळख. बायकांचे दागिने आणि पितळेची भांडी हे शेवटचे तारण. व्हित्तोरिओ दे सिका यांच्या ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८) या इटालियन चित्रपटात नायकाची पत्नी गहाण पडलेली सायकल सोडविण्यासाठी घरातील चादरी गहाण टाकते. जानेवारी १९५२ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखविला गेला. भारतीय चित्रपटावरील त्याच्या प्रभावाची चर्चा पुष्कळ झाली. चादरींच्या बदल्यात सायकल हा व्यवहार मात्र परळच्या प्रेक्षकाला समजावून सांगण्याची गरज नव्हती.

हप्त्याने खरेदीचा मार्गही होता. दुकानदार काही रक्कम आधी घेई, उरलेली हप्त्यांनी. मालकी शेवटच्या हप्त्यापर्यंत त्याच्याकडे राही. अशा व्यवहारात ग्राहकाला संरक्षण देणारा भाडेखरेदी कायदा संसदेने १९७२ मध्ये संमत केला, पण तो कधीच अमलात आला नाही आणि २००५ मध्ये रद्द झाला. त्यामुळे निम्म्याहून अधिक हप्ते भरलेल्या माणसाची सायकल दुकानदाराने उचलून नेली, तर दाद मागण्यास विशेष कायद्याचा आधार नव्हता. येथे एक बाब नमूद करण्याजोगी आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे ६० वे कलम कारागिराची अवजारे जप्तीतून वगळते. सुताराचा रंधा त्यात निःसंशय येतो. पाववाल्याची सायकल अवजार मानायची की वाहन? कायद्याच्या दृष्टीने हा बारीक प्रश्न असेल. सायकल गेली की दुसऱ्या दिवशीची फेरी बंद, एवढेच पाववाल्याला माहीत असे.

जुनी सायकल

पैसा कमी असलेल्यांचा खरा बाजार जुन्या सायकलींचा होता. काळबादेवी परिसरात नव्या सायकली व सुटे भाग मिळत. चोरबाजारात आणि वस्तीतील दुरुस्तीच्या दुकानांत वापरलेल्या. घेणारा आधी चौकट पाही : दोन्ही चाके एका रेषेत आहेत का, पुढचा चिमटा अपघातात वाकून पुन्हा ठोकलेला तर नाही ना, जोडाच्या ठिकाणी रंगाखाली चीर आहे का. चौकट आणि चिमटा सोडून बाकी सर्व बदलता येते, हे त्यामागील शहाणपण. मग चाक उचलून फिरवायचे. रिम डगमगली तर आरे ओढून ती सरळ होईल की नाही याचा अंदाज घ्यायचा. क्रँक हलवून कॉटर पिन सैल आहे का, वाट्या झिजल्या आहेत का, छर्रे बदलावे लागतील का हे पाहायचे. टायर-ट्यूब खराब असल्या तर उलट बरेच, कारण त्यावरून किंमत उतरविता येई.

या पाहणीमागे एक अर्थशास्त्र आहे. नव्या सायकलीसाठी सर्व रक्कम एकदम लागते. जुनी सायकल घेणारा आज चौकटीचे पैसे देतो, पुढच्या महिन्यात साखळीचे, दिवाळीला टायरचे. दरम्यान सायकल कमाई करीतच असते. सावकार किंवा दुकानदार मध्ये न आणता मिळालेला हा हप्ता होता आणि त्यावर व्याज नव्हते. नव्या सायकलींच्या विक्रीचे आकडे पाहून कामगार वस्तीतील सायकलींचा अंदाज बांधणे म्हणूनच चुकीचे ठरते. भाग बदलत बदलत एकच चौकट दोन पिढ्या चालू शकते. ज्याला एवढेही जमत नसे तो तासाच्या भाड्याने सायकल घेई, पण रोजच्या धंद्यासाठी हे भाडे परवडणारे नव्हते.

दुसरा प्रश्न जागेचा. वरळी, नायगाव, शिवडी व ना. म. जोशी मार्ग येथे विसाच्या दशकात बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. तीत एक कुटुंब आणि अनेकदा गावाकडचे दोघेतिघे. मोठ्या चाकांची, मधल्या दांड्याची ती जड काळी सायकल रात्री ठेवायची कोठे? जिन्याखाली ठेवली तर चोरीची धास्ती. तिसऱ्या मजल्यावर गॅलरीत नेली तर रोज दोनदा खांद्यावर वाहून न्यायची आणि शेजाऱ्यांची वाट अडवायची. तळमजल्यावरच्या ओळखीच्याकडे किंवा दुकानाच्या ओट्यावर साखळीने बांधून ठेवणे हा मधला मार्ग. सायकलीच्या किमतीत कुलपाची आणि अशा ओळखीचीही किंमत धरावी लागे.

१९८२ नंतर

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. संपाची रीतसर सांगता झाली नाही; अनेक गिरण्या पुन्हा पूर्णपणे चालू झाल्याच नाहीत. कामावरून गेलेला माणूस भाजी, फळे, चहा, कापडाचे तुकडे विकू लागला, पहारेकरी झाला, कुरिअरचे काम करू लागला किंवा गावी परतला. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी संकलित केलेल्या कामगारांच्या आठवणींतून (२००४) या स्थित्यंतराचे अनेक पदर उलगडतात.

सायकलीच्या दृष्टीने पाहता येथे काही विलक्षण घडले. ज्याला आजवर सायकल लागत नव्हती त्यालाच ती आता लागू लागली, आणि नेमक्या त्याच वेळी त्याचे पगारपत्रक नाहीसे झाले. ४९ व्या कलमाप्रमाणे कापण्यासाठी पगारच उरला नाही. पतपेढीतील भागभांडवल जुन्या कर्जात वळते झाले. खोलीतला कायम कामगार, ज्याच्या नावावर इतरांना उधार मिळे, तोच आता उधार शोधत होता. गिरणगावातील पतव्यवहाराचा कणा असलेले हे नाते मोडले, याची नोंद संपाच्या इतिहासात पुरेशी घेतली गेलेली नाही. ज्यांना उशिरा का होईना ग्रॅच्युइटी किंवा स्वेच्छानिवृत्तीची रक्कम मिळाली, त्यांच्यासाठी हातात एकरकमी पैसा येण्याचा तो कदाचित एकमेव प्रसंग होता. त्यातून आधी साचलेली देणी फेडायची, मुलीचे लग्न उरकायचे आणि मग धंद्याचे साधन घ्यायचे, असा क्रम लागे.

डबेवाल्यांचा पगाराशी संबंध नसल्याने त्यांची व्यवस्था त्या पडझडीत टिकली. तिला धक्का बसला तो मार्च २०२० मध्ये, लोकल थांबल्यावर. गाडी नाही आणि कचेऱ्या बंद, अशा स्थितीत दोन्ही टोकांच्या सायकली एकाच वेळी निरुपयोगी झाल्या. अनेकांनी गावाकडची शेती धरली, काहींनी मिळेल ते काम पत्करले. कचेऱ्या उघडल्यावरही पूर्वीइतके डबे परत आले नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये सायकलीवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा ही सवलत ज्यांच्या उपयोगाची होती त्यांतील कित्येकांच्या जुन्या चौकटी लालबाग-परळच्या जिन्यांखाली साखळीने बांधलेल्याच होत्या.